डिशवॉशरमधील पेल्यांवर पांढरा थर राहत असल्यास
नाशिकमध्ये ज्या सोसायट्यांत गंगापूर धरणाच्या पाण्यात बोअरचे क्षारयुक्त पाणी मिसळते, तेथे डिशवॉशरमधून निघालेल्या काचेच्या पेल्यांवर पांढरा, खरखरीत थर दिसू लागतो. मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी यंत्राचा वीजपुरवठा बंद करून पाणी फवारणारे फिरते दांडे काढावेत व उजेडासमोर धरून पाहावेत. छिद्रांत क्षार किंवा फोडणीतला जिऱ्याचा दाणा अडकलेला असल्यास तो टूथपिकने काढावा. नंतर मिठाच्या कप्प्यात डिशवॉशरचेच मीठ भरावे. स्वयंपाकाचे बारीक मीठ मुळीच घालू नये, कारण त्यातील इतर घटकांमुळे पाणी मऊ करणारी यंत्रणा तुंबते. पाण्याच्या कठीणपणाची पातळीही यंत्रावर वाढवावी. माझ्या पाहण्यात बहुतेकांकडून हेच राहून जाते.