दाढ काढायची आहे आणि धास्ती वाटते, तर काय करावे?

दाढ काढायची ठरल्यावर ‘भीती वाटते’ एवढेच म्हणून थांबू नये. नेमकी कशाची भीती वाटते, ते आदल्या दिवशी कागदावर लिहून काढावे. कोणाला सुई नकोशी असते, कोणाला वेदनेची धास्ती असते, कोणाला तोंडात पाणी साचून गुदमरायला होईल असे वाटते, तर कोणाला खर्चाची किंवा नंतरच्या सुजेची चिंता असते. यांतील प्रत्येक भीतीवरचा उपाय वेगळा आहे, आणि तो करता यावा यासाठी खुर्चीत आडवे होण्यापूर्वीच डॉक्टरांना ती भीती सांगितलेली असली पाहिजे.

वेदनेविषयी एक गोष्ट आधीच माहीत असली की बराचसा धीर येतो. भुलीचे इंजेक्शन वेदना थांबवते, दाबाची जाणीव थांबवत नाही. डॉक्टर दाढ एका झटक्यात उपटत नाहीत. ती पुढेमागे हलवून भोवतालच्या हाडाची खोबण हळूहळू रुंद करतात आणि मग ती बाहेर काढतात. त्यामुळे जबड्यावर चांगलाच जोर येतो, शिवाय हाडातून कानापर्यंत पोचणारा करकर असा आवाजही मोठा वाटतो, परंतु या दोहोंचा अर्थ भूल उतरली असा नव्हे. तीव्र कळ आलीच, तर डावा हात वर करायचा आणि डॉक्टरांनी लगेच थांबायचे, असा संकेत आधी ठरवून घ्यावा. भुलीचे औषध बहुधा आणखी देता येते. खालच्या दाढांसाठी जबड्यातील नस बधिर करावी लागते आणि त्याला साधारण 5 ते 10 मिनिटे लागू शकतात, म्हणून अर्धा ओठ जड झाल्याखेरीज सुरुवात करू नये असे सांगण्यात संकोच मानू नये. दाढेच्या मुळाशी पू झाला असेल, तर तेथील आम्लतेमुळे भूल नीट चढत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी आधी पू काढून किंवा औषधे देऊन पुढची तारीख दिली, तर ती टाळाटाळ समजू नये.

सुईची भीती असल्यास हिरडीवर आधी बधिर करणारे जेल किंवा स्प्रे लावण्याची विनंती करावी आणि सिरिंजकडे पाहू नये. भुलीच्या औषधात बहुधा थोडे ॲड्रेनालिन असते; रक्तवाहिन्या आकुंचित झाल्याने भूल जास्त वेळ टिकते आणि रक्तस्रावही कमी होतो. त्याच औषधाने काही जणांची छाती दोन-चार मिनिटे धडधडते, हात थरथरतात. हे ठाऊक नसलेला रुग्ण या धडधडीनेच घाबरून जातो. ती जाणवली तर डॉक्टरांना सांगावे, आणि हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास त्याची कल्पना पहिल्याच भेटीत द्यावी.

मनाची घालमेल शांत करण्यासाठी चार अंक मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा; प्रतीक्षागृहात पाच मिनिटे असे केले तरी फरक पडतो. मात्र सुई किंवा रक्त पाहून ज्यांना भोवळ येते, त्यांचा रक्तदाब अशा वेळी एकदम उतरतो, आणि त्यांनी अंग सैल सोडण्याऐवजी मांड्या, पोट व दंड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून धरावेत, मग सोडावेत आणि पुन्हा आवळावेत. चक्कर येतेय असे वाटताच खुर्ची आडवी करायला सांगावे.

केवळ जागा बधिर करून दाढ काढायची असेल, तर उपाशीपोटी जाऊ नये. दोन तास आधी पोहे-उपमा असे हलके खाऊन गेल्यास भोवळ येण्याची शक्यता कमी होते, आणि मधुमेह असणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे दिवसभर त्याच विचारात घालवावा लागत नाही. भीती फारच असेल, तर गुंगीच्या औषधाविषयी डॉक्टरांशी बोलावे. त्यासाठी उपाशी राहण्याचे नियम वेगळे असतात आणि घरी नेणारे माणूस सोबत लागते. शेजाऱ्यांकडची झोपेची गोळी किंवा ‘धीर यावा म्हणून’ घेतलेला पेग हा त्याला पर्याय नाही.

वरची दाढ काढली की नजर अधू होते, असे सांगणारे एखादे काका प्रत्येक कुटुंबात असतातच. दातांची संवेदना वाहणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्याने नजर जात नाही. नातेवाइकांचे असे अनुभव आणि मोबाइलवरचे शस्त्रक्रियेचे व्हिडिओ, दोन्ही त्या आठवड्यापुरते दूर ठेवावेत.

नंतर काय होणार हे अनिश्चित राहिले की चिंता वाढते, म्हणून घरची सोय आधीच करून ठेवावी: गार दही-भात, मऊ खिचडी, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या आणि फ्रिजमध्ये बर्फ. दाढेच्या जागी ठेवलेला बोळा डॉक्टर सांगतील तितका वेळ, बहुधा अर्धा ते पाऊण तास, घट्ट चावून धरायचा असतो. त्या दिवशी जोराने थुंकणे, चूळ भरणे आणि स्ट्रॉने पिणे टाळावे, कारण त्याने जखमेवरची रक्ताची गुठळी निघून येते. बिडी-सिगारेट, तंबाखू आणि मिश्री यांमुळेही जखम भरण्यात अडथळा येतो. ती सवय असल्यास तेही डॉक्टरांना आधीच सांगून, किती दिवस बंद ठेवायचे ते विचारून घ्यावे.