खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात घरातल्या ग्रो टेंटची हवा दमट ठेवताना

ज्या हवेत गच्चीवर घातलेली कुरडई एका दिवसात खडखडीत वाळते, त्याच हवेत प्रयोगशाळेच्या बाटलीतून काढलेलं अँथुरियमचं रोप जगवायचं असतं. भुसावळात एप्रिल-मे म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. गेल्या आठवड्यात चोपड्याहून माझ्या भाच्याचा फोन आला. त्याच्याकडेही ग्रो टेंट आहे, म्हणजे दिवा आणि पंखा बसवलेला, घरात रोपं वाढवायचा तंबू. त्यात धुकं सोडून हवा दमट करणारा ह्युमिडिफायर आणि दमटपणा टक्क्यांत दाखवणारा मीटर. "मावशी, ह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू आहे, दोनदा टाकी भरतो, तरी मीटर चाळीसच्या वर जात नाही. मोठा घेऊ का?" मी म्हटलं, घेऊ नको, आधी तुझा पंखा किती हवा ओढतो ते सांग.

जळगावला एका टिश्यू कल्चर, म्हणजे बाटलीत रोपं वाढवण्याच्या, प्रयोगशाळेत मी हार्डनिंगच्या कामावर अकरा वर्षं होते. केळीची रोपं बाटलीतून काढायची, धुवायची, ट्रेमध्ये लावायची आणि हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावायची, हे माझं काम. आता मधल्या खोलीत चार बाय दोन फुटांचा, पाच फूट उंचीचा तंबू आहे, शंभर वॉटचा एलईडी आहे आणि त्यात अँथुरियम आणि नेचे वाढतात. खाली लिहिलंय ते या तंबूत उन्हाळ्यामागून उन्हाळे करून पाहिलेलं आहे.

आधी मीटरची खात्री करा. स्वस्तातले डिजिटल मीटर दहा-दहा टक्के चुकतात आणि त्यावर विसंबून आपण भलतंच करत बसतो. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात ठेवून रात्रभर राहू द्या. खोलीच्या तपमानाला डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझ्या मीटरवर सकाळी ६६ होते. तेव्हापासून त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून "अधिक ९" लिहिलंय. मीटर टांगायचा तो रोपांच्या पानांच्या उंचीला, दिव्याच्या थेट उजेडापासून आणि धुक्याच्या झोतापासून बाजूला. झोतात टांगलेला मीटर ९० दाखवतो आणि दोन वीत अंतरावर पान करपत असतं.

मग टक्क्यांचा अर्थ नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुका तिथे होतात. गरम हवेत पाण्याची वाफ जास्त मावते. सकाळी सहाला २६ अंशांना जी हवा ५० टक्के दमट असते, तीच हवा दुपारी ४३ अंशांवर गेली की जेमतेम १९ टक्के भरते. हवेतलं पाणी तेवढंच राहिलं, तिची तहान वाढली. ही तहान ती पानांतून भागवते. म्हणून नुसता टक्का लिहून ठेवू नका, शेजारी तपमानही लिहा. लहान रोपांसाठी मी २६ ते २८ अंश आणि ७५ ते ८० टक्के धरते. वाढीला लागलेल्या रोपांना ६० ते ७० टक्के पुरतात.

आता त्या पंख्याकडे येते, कारण खरी गळती तिथेच आहे. माझा तंबू सव्वा घनमीटरसुद्धा भरत नाही. त्याच्यासोबत जो चार इंची एक्झॉस्ट पंखा मिळतो तो पूर्ण वेगाने तासाला तीनशे घनमीटर हवा फेकतो. म्हणजे तंबूतली हवा दर चौदा सेकंदांनी बदलते. खोलीतली हवा ३० अंश आणि ३५ टक्के असेल आणि आत ७५ हवे असतील, तर प्रत्येक घनमीटरमागे साधारण १२ ग्रॅम पाणी घालावं लागतं. तीनशे घनमीटरला झालं साडेतीन लिटर, तेही तासाला! घरगुती ह्युमिडिफायर तासाला पाव लिटर देतो. त्याने काय होणार? पहिल्या वर्षी मला हा हिशेब सुचला नाही. पंखा पूर्ण वेगाने, ह्युमिडिफायर पूर्ण वेगाने, आणि चार दिवसांत पन्नास रोपांचा आख्खा ट्रे गेला. एकेक रोप उचललं तर पान ओल्या टिश्यूसारखं बोटाला चिकटत होतं, आणि मुळाशी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मात्र चांगलं ओलं होतं. पाणी खाली होतं, पण पान जेवढं गमावत होतं तेवढं वर पोचत नव्हतं.

तेच पाव लिटर तासाला वीस घनमीटर हवेला मात्र बरोबर पुरतं. म्हणून पंख्याचा वेग उतरवा किंवा टायमर लावून तासातून चार-पाच मिनिटं चालवा. एक सांगते, छताच्या पंख्याचा रेग्युलेटर प्रत्येक मोटरला चालत नाही. मोटर गुणगुणत राहते आणि तापते. इलेक्ट्रिशियनला पंखा दाखवून मगच लावा. हवा कमी बदलली तर आत गरम होईल, ही भीती रास्त आहे. पण पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेतं. तासाला पाव लिटर म्हणजे सुमारे १७० वॉट, माझ्या दिव्यापेक्षा जास्तच. धुकं नीट विरत असेल तर तंबू त्यानेच थंड राहतो. आतला लहान क्लिपचा पंखा मात्र सतत हळू चालू हवा, पानं नुसती हलतील इतका, नाहीतर कोपऱ्यात दमट आणि मध्ये कोरडं असं होतं.

आमच्याकडे रावेर-यावलच्या केळीबागांना बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची दाट रांग लावतात, उन्हाळ्यातली झळ थेट केळीवर येऊ नये म्हणून. तंबूलाही तशीच आडोशाची गरज असते. तंबूच्या आत धुकं ओतण्याआधी तंबू ज्या खोलीत आहे तिची हवा सुधारा. खान्देशात घरोघरी कूलर असतो, त्याच्यासारखं साधन नाही. बाहेर ४३ अंश आणि २० टक्के असताना माझ्या खोलीत कूलरने ३० अंश आणि ५५-६० टक्के होतात. तंबूला मग उरलेली भर घालायची राहते, आणि तेवढं लहानसं यंत्र सहज करतं. कूलर चालू असताना समोरची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा, हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोली नुसती चिकट होते. एसी असलेल्या खोलीत तंबू ठेवू नका. एसी हवेतलं पाणी काढून नळीने बाहेर टाकतो, आणि तुम्ही ते परत भरत बसता.

ज्यांच्याकडे ह्युमिडिफायर नाही त्यांनी वाळ्याची ताटी करावी. तंबूच्या खालच्या हवा घेण्याच्या जाळीसमोर फूटभर लांबी-रुंदीची चौकट, त्यात वाळा किंवा कूलरचं नवं गवत, वरून थेंब थेंब पाणी आणि खाली ट्रे. पंखा हवा ओढतो ती या ओल्या ताटीतून येते. माझी आई माठाला ओलं गोणपाट गुंडाळायची, त्यामागचं तत्त्व हेच. आठवड्यातून एकदा गवत उन्हात टाकून कडक वाळवा, कुबट वास आला की बदला. खडे आणि पाणी घातलेले ट्रे ठेवायचा सल्ला सगळे देतात. पंखा चालणाऱ्या तंबूत त्याने दोन-तीन टक्क्यांपलीकडे काही होत नाही. पानांवर दिवसातून सहा वेळा फवारणीही करू नका. वीस मिनिटांत ते पाणी उडून जातं, आणि ओलं राहिलं तर पानांवर बुरशीचे डाग येतात.

पाण्याचं सांगते. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो. अल्ट्रासोनिक, म्हणजे कंपनाने धुकं उडवणारा, ह्युमिडिफायर पाण्यासोबत त्यातला क्षारही हवेत उडवतो. आठवड्यात पानांवर, दिव्यावर, खोलीतल्या फ्रिजवर पिठासारखी धूळ दिसू लागते आणि ती आपल्या छातीतही जाते. त्यात आरओचं पाणीच घाला. टाकी दर तिसऱ्या दिवशी रिकामी करून पांढऱ्या व्हिनेगरने धुवा, मग दोन पाण्यांनी खळबळा. कालचं उरलेलं पाणी आज चालवू नका. यंत्र तंबूच्या तळाशी कोपऱ्यात, धुकं वर आणि भिंतीकडे जाईल असं ठेवा. विजेचा बोर्ड उंच बांधा आणि वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात न जाता झोलावरून खाली पडेल.

उन्हाळ्यात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे दिवस-रात्र उलटी करणं. संध्याकाळी सातला दिवा लागतो, सकाळी नऊला बंद. भर दुपारी तंबूत अंधार असतो. अंधारात पानांची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, बरीचशी मिटलेली असतात, त्यामुळे दुपारी आर्द्रता घसरली तरी रोप फारसं पाणी गमावत नाही. रात्री खोली थंड असते, तेव्हा उजेड आणि दमटपणा दोन्ही सांभाळणं सोपं जातं. वीज गेली तर हेच वेळापत्रक वाचवतं. दुपारी वीज गेली की मी तंबूची चेन वीतभर उघडते, ओलं सुती कापड आत टांगते आणि खोलीचे पडदे ओढते. बंद तंबू विजेशिवाय तासाभरात तापतो.

बाटलीतल्या रोपांचं वेगळं सांगायला हवं. बाटलीत आर्द्रता शंभराच्या जवळ असते. तिथे वाढलेल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो आणि रंध्रांना नीट मिटायची सवयच नसते. असं रोप थेट ६० टक्क्यांत आणलं तर ते संध्याकाळपर्यंत मान टाकतं. पहिला आठवडा मी ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवते, आत ९० ते ९५. दुसऱ्या आठवड्यात झाकणाची भोकं उघडते. तिसऱ्यात रोज एक तास, मग दोन, मग चार तास झाकण काढते, तेही दिवा बंद असताना. पाचव्या-सहाव्या आठवड्यात रोप झाकणाशिवाय ७० टक्क्यांत उभं राहतं. बाटलीतली जुनी पानं या काळात पिवळी पडतात, त्यांच्यासाठी जीव टाकू नका. तंबूत फुटलेलं नवं पान बघा. ते हाताला जाडसर, किंचित चकचकीत लागलं की रोप या हवेचं झालं. आणि कायम ९० वर ठेवायचा मोह टाळा. तसं रोप तंबूबाहेर कधीच निघत नाही.

हवा कोरडी पडल्याचं पान आधी सांगतं. कडा वर वळतात, टोकं तपकिरी होतात, दिव्याच्या अगदी खालची पानं आधी. पुष्कळ जण हे बघून खत वाढवतात. उलटं करा. कोरड्या हवेत रोप पाणी भराभर ओढतं, क्षार कुंडीत मागे राहतात आणि टोकं आणखी जळतात. खत निम्मं करा, दिवा वीतभर वर घ्या, आणि भिंग असेल तर पानाची मागची बाजू तपासा. बारीक जाळी आणि हलणारे ठिपके दिसले तर तो लाल कोळी, ही बारीक कीड. गरम-कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. पान मागून पाण्याने धुवून काढा, तीन-चार दिवसांनी पुन्हा.

मृग लागून दोन-चार सरी पडल्या की हे सगळं फिरतं. खोली आपोआप ८० वर जाते, आणि ह्युमिडिफायर चालूच राहिला तर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, यायला वेळ लागत नाही. त्या आठवड्यात मी पंखा परत पूर्ण वेगाने सोडते, दिव्याची वेळ दिवसावर आणते, वाळ्याची ताटी काढून माळ्यावर टाकते. ह्युमिडिफायरची टाकी धुवून, उलटी करून दोन दिवस उन्हात वाळवते आणि मगच खोक्यात भरते. एका वर्षी ती ओलीच ठेवली होती. पुढच्या मार्चमध्ये झाकण उघडलं तर आत काळी बुरशी होती, आणि रबरी वॉशर हातात तुटून आला.