फुप्फुसातली गुठळी विरतेय का? पाठपुराव्याच्या तपासणीतल्या या चुका टाळा

पल्मोनरी एम्बोलिझमचं, म्हणजे फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकल्याचं निदान झालं, रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली, पेशंट घरी गेला. तीन आठवड्यांनी घरचे पुन्हा सीटीच्या काउंटरवर हजर: "गुठळी विरली का ते बघायचंय." इंदूरला खंडवा, खरगोन, बऱ्हाणपूरपासून लोक येतात. एवढा प्रवास केलाय तर स्कॅन करूनच जाऊ, असं त्यांना वाटतं आणि ड्यूटीवरचा नवा डॉक्टरही चिठ्ठी लिहून देतो. पहिली चूक इथेच होते.

गोळी गुठळी विरघळवत नाही. ती नवी गुठळी धरू देत नाही आणि जुनीला वाढू देत नाही. विरघळवण्याचं काम शरीरातलं प्लास्मिन हे एन्झाइम करतं, आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. तिसऱ्या आठवड्याच्या सीटीत गुठळीचा अंश दिसणं म्हणजे उपचार फसला असं नाही. रिपोर्टात मात्र "फिलिंग डिफेक्ट कायम" (रक्तवाहिनीत न भरलेली जागा अजून आहे) असं छापून येतं आणि घरात घबराट होते. कुणी गोळी बदलून घेतं, कुणी डोस वाढवून मागतं, तर कुणी "उपयोगच नाही" म्हणून गोळी बंद करतं. हे शेवटचं सर्वांत धोक्याचं.

युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं इथे स्पष्ट आहेत: ३ ते ६ महिन्यांनी प्रत्येक पेशंटला डॉक्टरांनी तपासावं, पण ज्याला काही त्रास नाही त्याचा सरसकट सीटी पुन्हा करू नये. त्या भेटीत विचारायचं ते हे: जिना चढताना धाप लागते का? आजाराआधी जेवढं चालत होता तेवढं चालवतं का? मधल्या काळात धाप अचानक वाढली, ऑक्सिजन किंवा रक्तदाब खाली आला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा सीटी लगेच करा, तारखा मोजत बसू नका.

"गहरी साँस लो"

स्कॅनच्या वेळी खोल श्वास घ्यायला लावण्याच्या या चुकीवर कितीही लिहिलं तरी कमीच, कारण ती रोज होते आणि टाळायला एक पैसा लागत नाही.

बऱ्हाणपूरकडच्या एका साठीच्या काकूंची केस घ्या. पाय मोडून प्लास्टर झालेलं, त्यातून फुप्फुसात गुठळी. चार महिने गोळी नीट घेतली, तब्येत सुधारली, थोडी धाप उरली म्हणून पुन्हा सीटी अँजिओ (डाय टोचून रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) झाला. रिपोर्ट आला: दोन्ही बाजूंच्या फुप्फुसांच्या खालच्या लोबमध्ये (भागात) नव्या गुठळ्या. गोळी थांबली, पोटात इंजेक्शनं सुरू झाली, पोटातल्या मोठ्या शिरेत गुठळी अडवणारी जाळी बसवायची भाषा सुरू झाली. दहा दिवसांनी कुणीतरी मूळ प्रतिमा वर्कस्टेशनवर उघडून मोजमाप घेतलं. वरच्या महाशिरेत डाय पांढराशुभ्र, मुख्य पल्मोनरी धमनीत जेमतेम १३० हाउन्सफील्ड (सीटीवरच्या उजळपणाचं माप), आणि पुढच्या महाधमनीत २४०. म्हणजे स्कॅन चालू असतानाच पल्मोनरी धमनीतली डायची धार मध्ये तुटली होती. त्या "गुठळ्या" दोन्हीकडे सारख्याच पातळीवर होत्या, कडा पुसट होत्या, कुठल्याच गुठळीला स्वच्छ सीमारेषा नव्हती. नीट पद्धतीने पुन्हा स्कॅन केल्यावर त्याच रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. तोवर काकूंचं पोट इंजेक्शनांनी काळंनिळं झालं होतं.

कारण साधं आहे. खोल श्वास घेतला की पोटातून येणाऱ्या खालच्या महाशिरेतलं डाय नसलेलं रक्त जोरात हृदयाच्या उजव्या बाजूला ओढलं जातं, आणि नेमक्या त्या क्षणी डाय पातळ होतो. गरोदर बाईत हे आणखी सहज होतं. मशीनमधला रेकॉर्ड केलेला आवाज मात्र प्रत्येक पेशंटला "गहरी साँस लो, साँस रोको" असंच सांगतो.

तो आवाज बंद करा. टेबलावर झोपवल्यावर स्वतः दोनदा सराव करून घ्या: "काकू, नेहमीसारखा श्वास घ्या… आता तिथेच थांबा." हिंदी बोलणाऱ्याला हिंदीत, पण "गहरी" हा शब्द वगळून. या मिनिटभराच्या सरावाला ज्यांना वेळ नसतो, त्यांचेच स्कॅन दुसऱ्यांदा करावे लागतात.

बाकीची तयारी अशी. कोपराच्या खोबणीत हिरवी १८ गेजची कॅन्युला, नाहीच मिळाली शीर तर गुलाबी २०. शक्यतो उजवा हात. मनगटामागच्या बारीक शिरेत निळी २२ गेज घालून ४ ते ५ मिली प्रति सेकंदाचा वेग मिळेल अशी आशा धरू नका. एकतर शीर फुटेल, नाहीतर वेग कमी करावा लागून चित्र बिघडेल. ३५० ताकदीचा (मिलीमागे ३५० मिलिग्रॅम आयोडीन) डाय ६० ते ७० मिली, मागून त्याच वेगाने ४० मिली सलाइन. सलाइन टाळलं तर वरच्या महाशिरेतल्या दाट डायच्या रेघा उजव्या वरच्या लोबवर पडतात आणि तिथेही खोटी गुठळी दिसते. ट्रॅकिंगचं वर्तुळ (डाय पोचला का ते मशीन जिथे बघतं) मुख्य पल्मोनरी धमनीवर, ट्रिगर (स्कॅन सुरू होण्याचा आकडा) १०० ते १२० हाउन्सफील्डला. स्कॅन खालून वर घ्या. शेवटी श्वास सुटला तरी हलण्याचा दोष खालच्या लोबवर येत नाही.

पेशंट टेबलावरून उतरण्याआधी मुख्य पल्मोनरी धमनीत एक वर्तुळ काढून आकडा बघा. २५० च्या वर असेल तर बिनधास्त वाचा. २०० च्या खाली असेल तर "नवी गुठळी" लिहू नका आणि "गुठळी नाही" असंही लिहू नका. स्कॅन अपुरा आहे एवढंच लिहा.

फिल्मच्या फोटोवरून तुलना

मोबाइलवर आलेला फिल्मचा फोटो ही जुनी तपासणी नव्हे. डायकॉम फाइल (स्कॅनच्या मूळ प्रतिमा) असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह आणायला लावा. पेशंटला पहिल्या दिवशीच बजावा की रिपोर्टच्या पिशवीतली सीडी फेकायची नाही. दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी, १ मिलिमीटरच्या कापांत, एकाच विंडोत (उजळपणाच्या मांडणीत) लावा. विंडोची रुंदी ७०० आणि पातळी १०० ठेवली तर डायच्या चकाकीत दडलेली बारीक गुठळी दिसते.

आणि "आधीपेक्षा कमी" असं मोघम लिहू नका. सेगमेंटची (फुप्फुसाच्या छोट्या विभागांची) नावं घ्या: कुठे पूर्ण बंद होतं, आता कुठे अर्धं उघडलंय, कुठे जुन्या गुठळीचं फक्त जाळं उरलंय. आकड्यात हवं असेल तर क्वानाडली निर्देशांक आहे: प्रत्येक फुप्फुसाच्या १० सेगमेंटल धमन्या, प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण ४०. मोजायला वेळ लागतो, पण सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरला तोच आकडा उपयोगी पडतो.

ताजी आणि जुनी गुठळी वेगळी दिसते, हेही नीट बघा. ताजी असेल तर धमनी फुगलेली, गुठळी मधोमध किंवा भिंतीशी लघुकोन करून. जुनी असेल तर धमनी आक्रसलेली, गुठळी भिंतीला चिकटून पसरलेली, आत पट्टे किंवा जाळी, फुप्फुसात ठिगळांसारखा काळा-करडा नमुना, ब्राँकियल धमन्या (श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या) जाड. पहिल्याच सीटीत ही जुनी लक्षणं असतील तर ती त्याच दिवशी लिहा. नाहीतर तीन महिन्यांनी "औषधाने काम केलं नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो, खरं तर आजार आधीपासूनच जुना असतो.

धाप उरली, तरी पुन्हा सीटीच

तीन महिने सलग, न चुकता औषध घेऊनही धाप राहिली, तर आता प्रश्न बदललेला असतो. गुठळी दिसते का, हे विचारायचं नसतं. रक्त फुप्फुसभर पोचतंय का, हे विचारायचं असतं. आधी इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रायकस्पिड म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतल्या गळतीचा वेग २.८ मीटर प्रति सेकंदाच्या वर गेला की संशय घ्या. मग व्हेंटिलेशन-परफ्यूजन (व्ही-क्यू) स्कॅन, म्हणजे फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा. बारीक शाखांमधली जुन्या गुठळीची जाळी सीटीत सहज निसटते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश तुलनेत गुठळ्यांमुळे कायम झालेला फुप्फुसातला उच्च रक्तदाब व्ही-क्यू स्कॅनने ९६ टक्क्यांहून जास्त पेशंटांत पकडला, तर त्या काळच्या सीटीने ५१ टक्क्यांत. सीटी मशीन तेव्हापासून सुधारल्या, तरी नॉर्मल परफ्यूजन स्कॅन हाच हा आजार नाकारण्याचा सगळ्यांत भरवशाचा आधार आहे. हे निदान वेळेत झालं तर गुठळी कोरून काढण्याची शस्त्रक्रिया होऊ शकते. ती देशात मोजक्याच केंद्रांवर होते, म्हणून इथे दवडलेले महिने पेशंटला महाग पडतात.

परफ्यूजनमध्येही लोक घाई करतात. टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य लावलेला एमएए (अल्ब्युमिन प्रथिनाचे बारीक कण), १ ते ४ मिलिक्युरी, कणांची संख्या साधारण २ ते ५ लाख. फुप्फुसातला उच्च रक्तदाब माहीत असेल तर १ ते २ लाखांवर आणा. टोचण्याआधी सिरिंज हलवा, कण तळाशी बसतात. सिरिंजमध्ये रक्त मागे ओढू नका. त्याने कण गोळा होतात आणि फुप्फुसात तळपते ठिपके उमटतात. पेशंट उताणा झोपलेला हवा. बसवून टोचलं तर कण खाली जातात आणि वरचे लोब रिकामे दिसतात. अर्ध्या मिनिटात हळूहळू द्या. त्याच दिवसाचा छातीचा एक्स-रे शेजारी ठेवा. सोय असेल तर स्पेक्ट (त्रिमितीय स्कॅन) करा.

औषध पोटात गेलं का?

"गुठळी तशीच आहे" असं लिहिण्याआधी हे विचारा. रिव्हारोक्साबॅन (रक्त पातळ करणारी गोळी) पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दोनदा, नंतर २० मिलिग्रॅम एकदा, आणि दोन्ही जेवणासोबतच. रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. श्रावणात सोमवार, चतुर्थी, एकादशी धरणाऱ्या आजी दिवसभर पाण्यावर राहून गोळी घेतात, हे कुठल्याच केसपेपरवर नसतं. उपवास सोडायला सांगू नका. साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ल्यावर गोळी घ्या, एवढं सांगा. वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं दुसरं औषध) घेणाऱ्याचे जुने आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचं माप) कागद मागा. २ ते ३ मध्ये किती वेळा होते ते बघा. औषधात खंड पडला असेल तर तीन महिन्यांची मोजणी नव्याने सुरू होते.

डी-डायमर (गुठळी विरताना रक्तात येणारा अंश) कमी झालं म्हणजे गुठळी गेली, असं समजू नका.

औषध बंद करताना सगळ्यांचा स्कॅन नको. पण ज्याच्या परफ्यूजनमध्ये दोष उरलाय, त्याची ती प्रतिमा जपून ठेवा. वर्षभराने पुन्हा छातीत दुखलं तर जुनं कोणतं आणि नवं कोणतं, हे तिच्याशिवाय सांगता येत नाही.

शेवटची, क्वचित होणारी पण घातक चूक: औषध नीट चालू असताना "गुठळी" मोठी होत गेली, मुख्य धमनीची सगळी पोकळी भरून भिंतीबाहेर गेली, वजन घटलं, बारीक ताप राहिला, तरी तिला गुठळीच म्हणत राहणं. हा पल्मोनरी धमनीचा सार्कोमा (कर्करोग) असू शकतो. तिसऱ्यांदा गोळी बदलू नका. गॅडोलिनियम देऊन एमआरआय किंवा पेट-सीटी करा आणि त्याच आठवड्यात छातीच्या सर्जनला दाखवा.