प्रबंधातले आलेख काढण्याआधी

सगळ्यात आधी पानावरच्या मजकुराची रुंदी मोजून घ्या. प्रबंध लाटेकमध्ये (आज्ञा लिहून मजकूर जुळवायची प्रणाली) असेल तर टेक्स्टविड्थ, म्हणजे मजकुराच्या रुंदीचा आकडा, छापून पाहा. आकडा पॉइंटांत येतो, ७२.२७ ने भागला की इंच मिळतात. मॅटप्लॉटलिबचा (पायथनमध्ये आलेख काढायची लायब्ररी) आलेख मुळात ६.४ इंच रुंद आणि अक्षरं १० पॉइंटची असतात. तोच आलेख ३.२ इंचांच्या रकान्यात बसवला की अक्षरं ५ पॉइंटची होतात आणि परीक्षकांना अक्षावरचे आकडे दिसत नाहीत. म्हणून फिगसाइज, म्हणजे आलेखाचं माप, रुंदीप्रमाणेच द्या, नंतर ओढून लहान-मोठं करू नका.

आलेखात फक्त इंग्रजी आणि थोडी समीकरणं असतील तर यूजटेक्स (आलेखातला मजकूर लाटेककडून जुळवून घेणारं सेटिंग) लावायची गरज क्वचितच पडते. मॅथटेक्स्टचा, म्हणजे मॅटप्लॉटलिबच्या स्वतःच्या समीकरण-जुळणीचा, फाँटसेट 'स्टिक्स' किंवा 'सीएम' केला की काम भागतं, आणि ते वेगानंही होतं. यूजटेक्स हवंच असेल तर लाटेक, डीव्हीआयपीएनजी, घोस्टस्क्रिप्ट आणि सीएम-सुपर (फाँटसंच) ही त्याला लागणारी चारही लॅबच्या मशीनवर आहेत ना, ते आधीच तपासा. इन्स्टॉल करायचा अधिकार आपल्याकडे नसतो आणि सबमिशनच्या आठवड्यात ज्याच्याकडे असतो तो सापडत नाही.

मराठी लेबलांसाठी मात्र वेगळी तयारी लागते, आणि माझ्या मते खरी मेहनत इथेच घ्यावी. नागपूरच्या पावसाच्या आलेखावर 'विदर्भ' लिहून पाहा. मॅटप्लॉटलिबच्या बऱ्याच आवृत्त्या अक्षरं एकामागून एक नुसती मांडत जातात: वेलांटी 'व'च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन 'द'ला चिकटते, आणि रफार 'भ'वर न चढता पाय मोडलेला 'र' तसाच उभा राहतो. फाँट बदलून हे सुटत नाही, कारण दोष जोडणीत आहे. यूजटेक्सही इथे कामाचं नाही, ते जुन्या लाटेकवर चालतं. मॅटप्लॉटलिबचा पीजीएफ बॅकएंड (लाटेकमार्फत आलेख छापणारा भाग) घ्या, त्याचं टेक्सिस्टिम हे सेटिंग झीलाटेक (युनिकोड समजणारं लाटेक) ठेवा, प्रीअँबलमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या आज्ञांत, फाँटस्पेक हे फाँट निवडायचं पॅकेज बोलावून नोटो सेरिफ देवनागरी मुख्य फाँट करा आणि स्क्रिप्ट देवनागरी असं स्पष्ट सांगा. पीजीएफचं आरसीफाँट्स हे सेटिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर मॅटप्लॉटलिब स्वतःचे फाँट वरून लादतं. फाँट मशीनवर आहे का, हे एफसी-लिस्टला (मशीनवरचे फाँट दाखवणारी आज्ञा) मराठीचा भाषासंकेत देऊन कळतं.

नवा फाँट टाकूनही सापडत नसेल तर मॅटप्लॉटलिबच्या कॅशमधली (साठवून ठेवलेल्या फाइलींतली) फाँटयादी पुसा. ही सगळी मांडणी एका स्टाइल फाइलमध्ये ठेवा, प्रत्येक स्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहू नका.

नेहमीच्या पीडीएफ बॅकएंडसाठी फाँटटाइप (पीडीएफमध्ये फाँट कोणत्या प्रकारे साठवायचा ते) ४२ करा. मूळचा ३ काही ठिकाणी नाकारतात. मग पीडीएफफाँट्स ही आज्ञा चालवून सगळे फाँट आत आलेत का ते बघा, आणि सीताबर्डीवर बाइंडिंगला जाण्याआधी एक पान शंभर टक्के मापात छापून हातात धरून वाचा.