जुनी मसल कार घरी दुरुस्त करताना या चुका टाळा

१९६४ च्या मॉडेल-वर्षासाठी पॉन्टियाकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचाचे व्ही-एट इंजिन बसवून जीटीओ बाजारात आणली, आणि त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत अमेरिकेत तशा, म्हणजे मध्यम आकारात मोठे इंजिन असलेल्या, ज्या ‘मसल’ गाड्या तयार झाल्या त्यांपैकी कित्येक आज पन्नाशी ओलांडून घराघरांतल्या गॅरेजमध्ये उभ्या आहेत. वाहन उद्योगात नोकरीसाठी मिशिगनला आलेल्या आमच्यासारख्या मराठी माणसांना त्यांचा लळा लागतो तो बहुधा ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझमध्ये, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या वार्षिक फेरीत. माझ्याकडे १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल मालिबू आहे. तिच्यात ३५० घनइंचाचे, म्हणजे ५.७ लिटरचे इंजिन, दोन-बॅरल रोचेस्टर कार्बुरेटर आणि जुन्या पद्धतीचे पॉइंट्स, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणारे यांत्रिक संपर्क, आहेत. खाली जे लिहिले आहे ते प्रामुख्याने याच इंजिनाविषयी आहे. फोर्ड किंवा क्रायस्लरच्या गाडीत आकडे बदलतील, चुका मात्र बहुतेक याच असतील.

सर्वांत महागात पडणारी चूक एकच आहे, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटी जन्मतात. ती म्हणजे माप घेण्याआधी भाग बदलणे.

आधी निदान, मग पाना

माझी गाडी आयडलला एकसारखी चालत असे, पण ॲक्सिलरेटर हलकेच दाबला की दचके देत मिसिंग मारत असे. लक्षण कार्बुरेटरच्या ॲक्सिलरेटर पंपाचे वाटत होते, म्हणून मी कार्बुरेटर उतरवला, किट आणून तो पूर्ण नव्याने जोडला, फ्लोटची उंची दोनदा मोजली आणि तरीही गुण आला नाही, तेव्हा फ्युएल पंप बदलला, प्लग बदलले, प्लगच्या वायरीही बदलल्या. तीन शनिवार-रविवार यात गेले. शेवटी शेजारचे एक निवृत्त गृहस्थ, ज्यांचे आयुष्य याच गाड्यांच्या कारखान्यात गेले होते, त्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगकडे पाळीने ठिणगी पाठवणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम ॲडव्हान्सची, म्हणजे इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची, रबरी नळी काढून तिचे तोंड बंद करायला आणि गाडी चालवून बघायला सांगितले. दचके नाहीसे झाले. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट्सकडे जाणारी जी लहानशी वायर असते ती पॉइंट्सची प्लेट हलली की दर वेळी वाकते, आणि माझ्या गाडीतल्या वायरीची आतली तार आवरणाखाली तुटत आली होती. आयडलला प्लेट स्थिर असल्यामुळे तार टेकलेली राही, आणि थ्रॉटल उघडून व्हॅक्यूमने प्लेट ओढली की संपर्क तुटत असे. वीतभरही लांबी नसलेल्या त्या वायरीसाठी मी निम्मे इंजिन नवे केले होते.

कार्बुरेटरच्या बहुतेक तक्रारी मुळात इग्निशनच्या असतात, असे जुने मेकॅनिक सांगतात ते याच कारणाने. म्हणून ठिणगी, टायमिंग (ठिणगी नेमकी केव्हा पडते ते) आणि व्हॅक्यूम यांची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय कार्बुरेटरच्या स्क्रूला हात लावू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ती वहीत लिहावी आणि गाडी चालवून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर दोहोंपैकी कोणती बिघडलेली होती हे कधीच कळत नाही, आणि गाडी आणखी बिघडली तर गुंता दुप्पट होतो.

पॉइंट्स आणि टायमिंग यांचा क्रम

टायमिंग आधी लावून पॉइंट्सना नंतर हात लावणे ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे. पॉइंट्समधले अंतर बदलले की ते उघडण्याचा क्षण बदलतो आणि त्याबरोबर टायमिंगही सरकते. ड्वेल, म्हणजे पॉइंट्स मिटलेले राहतात तो डिस्ट्रिब्युटरच्या फिरण्यातला कोन, अंदाजे एका अंशाने बदलला की टायमिंगही जवळजवळ एका अंशाने बदलते. म्हणून आधी ड्वेल आणि मगच टायमिंग, हा क्रम मोडू नये. या इंजिनात ड्वेल ३० अंशांच्या आसपास असावा लागतो.

शेव्हर्लेची मालक कंपनी जनरल मोटर्सच्या या काळातल्या डेल्को डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला धातूची एक छोटी सरकती खिडकी असते, आणि इंजिन चालू असतानाच तिच्यातून ॲलन की आत घालून पॉइंट्स लावता येतात. ड्वेल मीटर नसेल तर कानाने लावण्याची रीतही आहे: किल्ली घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अगदी सावकाश फिरवत न्यावी, इंजिन अडखळू लागले की थांबावे आणि तेथून अर्धा फेरा उलट यावे. पहिल्यांदा हे करताना पंख्याचा वारा मनगटावर येत असतो, ॲलन की हाताला गरम लागते आणि इंजिनाच्या आवाजात इतका बारीक फरक पडतो की तो ऐकण्यासाठी श्वास रोखावा लागतो. पाच-सहा वेळा केल्यावर कान तयार होतो, तरी नंतर मीटरने खात्री करून घ्यावी. सैल बाह्या, गळ्यातली साखळी आणि हातातले घड्याळ मात्र या कामाच्या वेळी दूर ठेवावे.

नवे पॉइंट्स बसवताना डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ थर द्यायला पुष्कळ जण विसरतात. ग्रीस नसले की पॉइंट्सचा घासणारा ठोकळा झिजतो, अंतर कमी होत जाते, टायमिंग मागे पडते, आणि दोन-तीन महिन्यांपूर्वी उत्तम लावलेली गाडी चढावर दम खाऊ लागते. टायमिंग लाइट (टायमिंगची खूण दाखवणारा लुकलुकता दिवा) लावण्यापूर्वी व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून तिचे तोंड बंद करणेही तितकेच आवश्यक आहे, नाहीतर दिव्यात दिसणारा आकडा खरा नसतो. तो खरा नसण्याचे आणखी एक कारण वयाशी निगडित आहे. इंजिनाच्या पुढच्या टोकावरील ज्या हार्मोनिक बॅलन्सर नावाच्या चाकावर टायमिंगची खूण असते, त्याचे बाहेरचे कडे आतल्या भागाला रबराने जोडलेले असते. पन्नास वर्षांनी ते रबर सुटू लागते, कडे हळूहळू सरकते आणि त्याबरोबर खूणही सरकते. आकडा बरोबर असूनही इंजिन नॉक करत असेल किंवा मरगळलेले वाटत असेल, तर पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप, म्हणजे पिस्टनला अडवणारा तुकडा, लावून पिस्टनचे सर्वोच्च स्थान प्रत्यक्ष शोधावे. हे करताना इंजिन हातानेच फिरवावे, सेल्फ कदापि मारू नये.

प्लगच्या वायरी एका वेळी एकच काढावी. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ असा आहे, डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि विषम क्रमांकाचे सिलिंडर चालकाच्या बाजूला असतात, हे पाठ असले तरी सगळ्या वायरी एकदम काढण्याचे धाडस करू नये. यात एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. ५ आणि ७ क्रमांकाचे सिलिंडर शेजारी असून लागोपाठ पेटतात, त्यामुळे त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर नेल्या तर एकीतल्या प्रवाहामुळे दुसरीत अवेळी ठिणगी उत्पन्न होऊ शकते. या दोन वायरींमध्ये अंतर ठेवावे किंवा त्या एकमेकींना ओलांडून न्याव्यात.

सेल्फ मारताना इंजिन पेट घेते आणि किल्ली सोडताच बंद पडते, हे लक्षण दिसले की लोक पुन्हा कार्बुरेटरकडे धावतात. या गाडीत कॉइलला (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या भागाला) दोन वाटांनी वीज मिळते. सेल्फ फिरत असताना ती सोलेनॉइडवरून पूर्ण दाबाने येते आणि एरवी रोधक वायरीतून कमी दाबाने येते. किल्ली सोडल्यावरच इंजिन बंद पडत असेल, तर ही दुसरी वाट तुटली असण्याचा संभव सर्वांत मोठा, आणि मल्टिमीटरने दोन मिनिटांत त्याची खात्री होते. त्या वायरीच्या जागी साधी वायर जोडून वेळ भागवू नये, कारण पूर्ण १२ व्होल्टने पॉइंट्स लवकर जळतात. पॉइंट्स काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणाऱ्यांची चूक अनेकदा याच्या उलट असते: बऱ्याच संचांना पूर्ण १२ व्होल्ट लागतात आणि ते मात्र रोधक वायरीवरच जोडले जातात. इंजिन बंद ठेवून किल्ली चालू स्थितीत सोडून जाणेही टाळावे, कारण पॉइंट्स मिटलेले असतील तर कॉइल तापत राहते.

बॅटरीला दोष देण्यापूर्वी

सेल्फ जड फिरला की नवी बॅटरी आणण्याचा मोह होतो. चांगली चार्ज झालेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना तिच्या टोकांवर १४ च्या आसपास व्होल्ट असावेत. हे ठीक असेल तर दोष वाटेत आहे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर अर्थची केबल किंवा तिचे टोक गंजलेले आहे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली अर्थ पट्टी इंजिन उतरवून पुन्हा बसवताना हमखास विसरली जाते, आणि मग दिवे मंद होणे, तापमानाचा काटा भलतेच दाखवणे असे एकमेकांशी संबंध नसलेले वाटणारे दोष एकाच वेळी दिसू लागतात. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने हे सांधे इतर कोणत्याही भागाआधी खाल्ले जातात.

पेट्रोल

जुन्या रबरी नळ्या आजच्या १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी बनलेल्या नव्हत्या. त्या आतून मऊ होतात, त्यांचे कण फिल्टरमध्ये आणि फ्लोटच्या सुईखाली अडकतात आणि बाहेरून त्या चांगल्याच दिसत राहतात. गाडी नवीन घेतली असेल तर टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी इथेनॉलला टिकणाऱ्या नळीने बदलणे हे पहिले काम असावे. भाग बदलण्याआधी माप घ्यावे या माझ्या नियमाला मी एवढाच अपवाद करतो, कारण येथे चूक झाली तर आग लागते.

रोचेस्टर कार्बुरेटरचा फिल्टर इंधन आत येते तेथील मोठ्या नटाच्या मागे असतो. कार्बुरेटरचे अंग मऊ मिश्रधातूचे असल्यामुळे हा नट जोराने आवळला की आटे जातात आणि मग पेट्रोल थेट गरम मॅनिफोल्डवर ठिबकते. मोठा नट एका पान्याने धरून ठेवावा आणि नळीचा लहान नट दुसऱ्या पान्याने फिरवावा. नवा नट नेहमी आधी बोटांनी दोन-तीन फेरे बसवावा. तो बोटांनी बसत नसेल तर आटे वाकडे धरलेत असे समजून काढून पुन्हा लावावा. एअर क्लीनर काढून कार्बुरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतताना वर वाकून पाहणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण इंजिनाने उलटी फेक केली तर ज्वाळा सरळ चेहऱ्यावर येते. पेट्रोलच्या आगीवर चालणारा अग्निशामक गॅरेजच्या दाराजवळ, हात पोहोचेल अशा जागी टांगलेला असावा.

तापणे आणि ऑइल

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नव्हे. ती कधी तापते ते पाहावे. सिग्नलला उभी असताना तापून हायवेवर थंड होत असेल तर हवेचा प्रश्न आहे, म्हणजे पंख्याचा क्लच किंवा पंख्याभोवतीचे आवरण तपासावे. हायवेवर तापत असेल तर पाण्याचा, म्हणजे तुंबलेला रेडिएटर किंवा पंपाच्या ओढीने आत चेपणारी खालची नळी. गरम रेडिएटरची टोपी उघडू नये, हे ज्यांना माहीत असते तेही घाईत उघडतात.

ऑइलच्या बाबतीत एवढेच की या इंजिनातले झडपा उघडणारे सपाट टॅपेट इंजिनाच्या कॅमवर घासत चालतात आणि त्यांना जस्त व फॉस्फरस असलेल्या झेडडीडीपी या घटकाची गरज असते. नव्या गाड्यांसाठीच्या पुष्कळ ऑइलांत तो कमी केलेला असतो. डब्यावर सपाट टॅपेटसाठी योग्य असे स्पष्ट लिहिलेले ऑइल घ्यावे, विशेषतः कॅम नवा असेल तर.

ब्रेक, आणि गाडीखाली जाणे

गाडीखाली केवळ जॅकच्या भरवशावर कधीही, एका मिनिटासाठीही जाऊ नये. कठीण, सपाट जमिनीवर जॅक स्टँड लावावेत, जमिनीवर राहिलेली चाके अडवावीत आणि आत शिरण्याआधी गाडी जोराने हलवून पाहावी. गॅरेजचे दार बंद ठेवून इंजिन चालू करू नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि घराला लागून असलेल्या गॅरेजमधून तो आत झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो.

ड्रम ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असे, म्हणून ती ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करूनच पुसावी. दोन्ही बाजू एकदम उघडू नयेत, म्हणजे स्प्रिंगांची रचना विसरली तर पाहायला दुसरी बाजू जागेवर असते. आखूड लायनिंगचा शू (लायनिंग बसवलेला कमानदार तुकडा) गाडीच्या पुढच्या दिशेला आणि लांब लायनिंगचा मागच्या दिशेला येतो. ही अदलाबदल अनुभवी लोकांकडूनही होते आणि ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते. ताऱ्याच्या आकाराचे, शू आणि ड्रम यांच्यातले अंतर राखणारे ॲडजस्टरही डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगळे असतात. उलट बसवले तर ब्रेक आपोआप घट्ट होण्याऐवजी सैल होत जातात. साध्या डॉट ३ ब्रेक ऑइलमध्ये सिलिकॉनचे डॉट ५ मिसळू नये.

काम संपल्यावर ब्रेकमधली हवा काढावी आणि गाडी हलवण्यापूर्वी पेडल कठीण लागेपर्यंत अनेकदा दाबावे, कारण शू आणि ड्रम यांच्यातले अंतर भरून येईपर्यंत पहिले पेडल जमिनीपर्यंत जाऊ शकते. मग स्वतःच्या ड्राइव्हवेमध्येच गाडी अगदी सावकाश मागे घेत आठ-दहा वेळा ब्रेक लावावा. या गाड्यांचे ॲडजस्टर मागे जाताना ब्रेक लावल्यावरच पुढे सरकतात, आणि दर वेळी पेडल थोडे वर आल्याचे पायाला कळते. पेडल वर येणे थांबले आणि दाबून धरल्यावर ते खाली खचत नसेल, तरच फाटकाबाहेर पडावे.