खाणीच्या डंपवर काम करायचंय? आधी मातीचा रिपोर्ट वाचायला शिका

बॉटनी, एन्व्हायर्न्मेंट नाहीतर बीएस्सी अ‍ॅग्री करून नागपुरात माईन रिक्लेमेशनमध्ये, म्हणजे खाणकामानं उजाड झालेली जमीन पुन्हा जिवंत करायच्या कामात, यायचं म्हणणारी पोरंपोरी हल्ली बरीच विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. ओबी (ओव्हरबर्डन, खनिजावरचा काढून टाकलेला माती-दगड, त्याचा ढीग म्हणजे डंप) म्हणजे काय, टॉपसॉइल, म्हणजे वरची सुपीक माती, वेगळी काढून का ठेवतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरते.

गाव तुम्ही बरोबर निवडलंय. कोळशाची वेकोलि, मँगनीजची मॉईल, केंद्राचं इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, तिघांची मुख्यालयं इथंच, पर्यावरण संशोधन करणारी नीरी इथं, अमरावती रोडला माती सर्वेक्षणाची एनबीएसएस, आणि उमरेड-गोंडेगावच्या कोळसा खाणींचे डंप सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखे.

आता ज्या गोष्टीनं मला सुरुवातीला सगळ्यात जास्त रडवलं ती सांगते. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतल्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा कार्बन. कोळशाच्या डंपचा नमुना लॅबला दिला की रिपोर्टमध्ये ऑरगॅनिक कार्बन दीड-दोन टक्के सहज येऊ शकतो. शेतीच्या तक्त्यात ०.७५ टक्क्यांच्या वर गेलं की 'जास्त'. मग साइटवरचे साहेब म्हणतात, मॅडम, माती तं सोनं आहे, शेणखतावर खर्च काहून करता? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, खताची रक्कम कापली गेली, आणि दिवाळीपर्यंत रोपं पिवळी पडून तिथल्या तिथं उभी.

कारण असं आहे. कर्ब मोजायच्या वॉकली-ब्लॅक टेस्टमध्ये डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल कार्बनचं ऑक्सिडेशन करतात. तो कार्बन गेल्या वर्षीच्या पाल्याचा आहे की गोंडवाना काळातल्या, २५ कोटी वर्षांहून जुन्या कोळशाच्या भुकटीचा, हे त्या टेस्टला कळत नाही, कोळशाचाही काही भाग त्यात मोजला जातो. पण मातीतल्या जिवाणूंना तो कोळसा खाता येत नाही, त्यातून झाडाला नत्र सुटत नाही. नमुना जाळून वजनातली घट मोजणारी पद्धत तर इथं आणखी फसवते, कोळसा जळणारच ना! आणि काही ठिकाणी उपलब्ध नत्राचा अंदाज कर्बावरूनच काढतात, म्हणजे एक चुकीचा आकडा दुसऱ्याला जन्म देतो. त्यात भर म्हणजे लॅब २ मिलिमीटरच्या चाळणीखालचीच माती तपासते. रिपोर्टमध्ये नत्र हेक्टरी ३०० किलो म्हणजे 'मध्यम', पण वजनाने ६० टक्के दगड असतील तर ढोबळमानाने हातात उरतात १२०, म्हणजे चक्क 'कमी'. चाळणीवर किती दगड उरले ते लॅबकडून लिहून घ्या, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

घाबरू नका, ओळखायला सोपं आहे. मूठभर माती पांढऱ्या कागदावर पसरा, भिंगातून चमकणारे काळे कण दिसले की कर्बाच्या आकड्यावर विसंबू नका. नत्र अल्कलाइन परमँगनेट पद्धतीनं वेगळं मोजून मागा. आणि कुंड्या लावाच: एकीत डंपची माती, एकीत तीच माती शेणखत घालून, एकीत शेतातली काळी माती, तिन्हीत ज्वारी पेरा. महिन्याभरात पहिल्या कुंडीतली खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेच्या बाजूनं इंग्रजी व्हीसारखी पिवळी पडायला लागली की साहेबांना बोलावून दाखवा. माझं तरी बजेट आकड्यांनी नाही, त्या कुंड्यांनी परत आलं.

बाकीचं शिकता येतं. डंपवरून डंपर फिरून जमीन आतून दगडासारखी होते, तिचं रिपिंग, म्हणजे मोठ्या दात्यांनी खोलवर फोडणं, उन्हाळ्यात कोरडी असतानाच करायचं. आधी चाऱ्याचं स्टायलो, दीनानाथ गवत, हिरवळीच्या खताचा धैंचा, मग करंज, शिसू, बांबू. गवताला कमी लेखू नका, खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा चाऱ्याचं गवत लावायचं हे सुप्रीम कोर्टानंच जानेवारी २०२० मध्ये सांगितलंय. सावनेर तालुक्यातल्या गुमगावला मँगनीजच्या ढिगाऱ्यांवर नीरीनं साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ), रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर हे नत्र धरणारे जिवाणू आणि मायकोरायझा ही मुळांसोबत राहणारी बुरशी वापरून झाडं उभी केली, ते काम नीट वाचा. ढिगाऱ्यावर आधी जिवंत माती बनवावी लागते हे त्यातून जेवढं समजतं तेवढं कुठल्या सर्टिफिकेट कोर्समधून समजत नाही, हे माझं स्पष्ट मत.

आणि नुसती सुबाभूळ लावून सॅटेलाइटवर हिरवं दाखवणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्यांना कामं पटापट मिळतात, तुम्हाला वाटेल आपणच मागे पडलो, मला अजूनही कधीकधी वाटतं. पडत नाही राजेहो. गाइड निवडताना एवढंच बघा की तो मे महिन्यात डंपवर चढतो का. नर्सरीतला माळी आणि डोझर ऑपरेटर यांच्याशी ओळख वाढवा, कोणत्या कोपऱ्यात चांगली माती गाडली गेली हे बहुतेकदा त्यांनाच माहीत असतं. इंटर्नशिप मागायची तर उन्हाळ्याआधी मागा, म्हणजे खड्डे खोदण्यापासून सगळं दिसेल, आणि पावसाळ्यातली मोजणी करून थांबू नका, पुढच्या मे अखेरीस किती रोपं जिवंत आहेत ते मोजायची परवानगी आधीच लेखी घेऊन ठेवा.