टेक्ससच्या शाळेत कॉयर शिकवताना: परीक्षकांपुढचं पहिलं वर्ष

माझ्या शाळेतल्या कॉयरचं, म्हणजे समूहगानाच्या गटाचं, पहिलं यूआयएल (टेक्ससमधल्या शाळांचं संगीत-मूल्यमापन) झालं त्या रात्री सांगलीहून आईचा फोन आला. पहिलाच प्रश्न: "कितवा नंबर आला गं?" मी म्हटलं, "नंबर नसतो आई, आम्हाला दोन मिळालं." "म्हणजे दुसरा! अगं छानच की!" तिला नीट समजावून सांगायला अर्धा तास लागला. सांगता सांगता जाणवलं, की इथे नोकरीला लागल्यावर पहिले सहा महिने मीही नंबराच्याच हिशोबात होते. म्हणून हे लिहितेय. आपल्याकडचं गाणं शिकून इथल्या शाळांत संगीत शिकवायला येऊ पाहणाऱ्या तीन-चार जणींनी गेल्या वर्षभरात मला तेच प्रश्न विचारले, त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी.

आपल्याकडे आंतरशालेय समूहगान स्पर्धा म्हटली की पहिला, दुसरा, तिसरा आणि दोन उत्तेजनार्थ. शेजारच्या शाळेपेक्षा आपण बरे की वाईट, एवढंच त्यातून कळतं. यूआयएल, म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग, ही टेक्सस विद्यापीठाने १९१० साली सुरू केलेली संस्था. राज्यातल्या सरकारी शाळांच्या खेळांपासून वादविवादापर्यंतच्या स्पर्धा ती घेते. कॉयरसाठी वसंत सत्रात तिचं मूल्यमापन असतं. त्याचे दोन भाग: रंगमंचावर तयार केलेली गाणी, आणि नंतर दुसऱ्या खोलीत साइट-रीडिंग, म्हणजे कधीही न पाहिलेलं गाणं स्वरलिपीवरून वाचून गाणं. दोन्हीकडे तीन-तीन परीक्षक. प्रत्येकजण एक ते पाच यांतली श्रेणी देतो, एक सर्वोत्तम. परीक्षक आपसांत चर्चा करत नाहीत. तिघांचं जमलं नाही तर मधली श्रेणी धरतात. दोन्ही भागांत 'एक' मिळाला तर त्याला स्वीपस्टेक्स म्हणतात आणि त्याची ट्रॉफी शाळेच्या दारातल्या काचेच्या कपाटात जाते. एकाच दिवशी दहा शाळांना 'एक' मिळू शकतो, कुणालाच न मिळणंही शक्य आहे. तुलना ठरलेल्या मापाशी, शेजाऱ्याशी नाही. हे मनात मुरायला वेळ लागतो, पण एकदा मुरलं की परीक्षकाच्या शेऱ्याकडे बघायची नजरच बदलते.

पात्रतेबद्दल थोडक्यात. विशारदच्या प्रमाणपत्रावर इथल्या सरकारी शाळेत शिकवता येत नाही. पदवी लागते, भारतातली असेल तर तिचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि राज्याची शिक्षक-प्रमाणपत्र परीक्षा द्यावी लागते. संगीताची परीक्षा अगदी लहान मुलांपासून बारावीपर्यंत एकच आहे. त्यापेक्षा अवघड काय असेल तर पियानो. पेटीवर डावा हात भात्यावर जायची सवय झालेली असते. इथे त्याच डाव्या हाताने खालचे स्वर वाजवायचे आणि तेव्हाच तीन वेगवेगळ्या ओळी गाणाऱ्या पोरांकडे लक्षही ठेवायचं. मी रोज पहाटे तास-तास बसले. याला जवळची वाट नाही.

एका बाबतीत मात्र आपण पुढे असतो. टेक्ससच्या बहुतेक कॉयर शिक्षिका डो-रे-मी शिकवतात ते सरकत्या 'डो'ने. म्हणजे पट्टी कोणतीही असो, आधारस्वर 'डो'. हे आपल्या 'सा'सारखंच! सारा ग्लोव्हर नावाच्या इंग्लिश बाईंनी एकोणिसाव्या शतकात ही पद्धत बसवली, जॉन कर्वेनने तिला हाताच्या खुणा जोडल्या, आणि पुढे हंगेरीचे संगीतकार कोडाय यांच्या पद्धतीतून ती जगभर पसरली. काळी चारचा सा आणि पांढरी एकचा सा यांतलं नातं ज्याच्या कानात लहानपणापासून बसलंय, त्याला हे शिकवायला काहीच जड जात नाही. जड जातं ते दुसरंच. आपला कान एका ओळीवर फिरतो. एकाच वेळी तीन ओळी ऐकून त्यातली कोणती सरकली हे ओळखायला मला पूर्ण एक वर्ष लागलं.

आता यूआयएलच्या तयारीतली एक गोष्ट, जी मला कुणीच आधी सांगितली नव्हती. १९८४ पासून इथे कायदा आहे, लोक त्याला 'नो पास, नो प्ले' म्हणतात. एखाद्या विषयात सत्तरच्या खाली गेलेल्या मुलाला ठराविक काळ अशा कार्यक्रमांत भाग घेता येत नाही. माझ्या सातवी-आठवीच्या मिश्र कॉयरमध्ये आवाज फुटलेली मुलं अवघी सात. कार्यक्रमाला तीन आठवडे उरले आणि त्यातली दोन गणितात अडकली. खालची ओळ पोकळ झाली. तेव्हापासून जानेवारीतच मी गणिताच्या शिक्षकांकडे जाऊन माझ्या मुलांची यादी देते, आणि दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीत गृहपाठ चालतो. आवाज घोटून घेणं जितकं माझं काम, तितकंच हेही.

गाणी यूआयएलच्या ठरलेल्या यादीतून निवडावी लागतात. यादी प्रचंड मोठी आहे. नव्या माणसाला मोह होतो तो नाट्यमय, वरच्या पट्टीतल्या गाण्याचा. ते टाळा. तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज दर महिन्याला बदलतो. नोव्हेंबरात जो स्वर सहज लागत होता तो मार्चमध्ये गायब असतो. प्रत्येक मुलाचा पल्ला दर सहा आठवड्यांनी तपासून वहीत टिपत जा आणि गाणं त्या वहीकडे बघून ठरवा, आपल्या आवडीकडे बघून नको.

आणि प्रती. परीक्षकांच्या हातात गाण्याच्या छापील मूळ प्रती द्याव्या लागतात, फोटोकॉपी चालत नाही, आणि प्रत्येक बारला, म्हणजे स्वरलिपीतल्या उभ्या रेघांमधल्या प्रत्येक खणाला, क्रमांक घातलेला हवा. मी प्रती आणल्या होत्या, क्रमांक घालायचे राहिले होते. पिवळ्या बसमध्ये गुडघ्यावर फाईल ठेवून, पुढच्या सीटवरच्या दोन अल्टोंना (मधली ओळ गाणाऱ्या मुलींना) हाताशी घेऊन, तीन गाण्यांच्या तीन-तीन प्रतींवर पेन्सिलने आकडे लिहिले. एकीने मध्येच विचारलं, "हे कशासाठी?" मी म्हटलं, "परीक्षक म्हणतील अठ्ठेचाळीसव्या बारला श्वास तुटला, तर तो अठ्ठेचाळीसावा आपल्याला सापडला पाहिजे ना!"

यूआयएलच्या महिनाभर आधी बहुतेक शालेय जिल्ह्यांत एक सराव-महोत्सव होतो. त्याला सगळे प्री-यूआयएल म्हणतात. बाहेरगावचे दोन-तीन पाहुणे परीक्षक येतात: निवृत्त शिक्षक, कॉलेजचे प्राध्यापक, दुसऱ्या जिल्ह्यातले कॉयर संचालक. ते लेखी शेरे देतात, गाणं चालू असताना रेकॉर्डरमध्ये बोलूनही ठेवतात, आणि तुमचं गाणं संपलं की त्यांच्यातला एकजण स्टेजवर येऊन दहा-बारा मिनिटं मुलांना थेट शिकवतो. माझ्या मते वर्षभरातला सगळ्यात मोलाचा वेळ हाच. दुर्दैवाने काही शिक्षक या दहा मिनिटांत बाजूला उभे राहून फोन बघतात, नाहीतर परीक्षकाच्या प्रत्येक सूचनेला "आम्ही हे वर्गात केलंय" असं उत्तर देतात. तसं करू नका. वही उघडा, मुलांच्या मागे जाऊन उभ्या राहा आणि मुलांना जसं ऐकू येतंय तसं ऐका.

आमच्याकडे आलेल्या बाई सत्तरीच्या असाव्यात. पायात सपाट बूट, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी पहिलं वाक्य मुलांशी बोललं ते असं: "शेवटच्या स्वरसमूहाला तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात. आता एकमेकांकडे ऐका." मग पियानो बंद करायला लावला. मुलांच्या खालच्या ओळीला 'डो'वर थांबवलं. सगळ्यात वरची ओळ गाणाऱ्या सोप्रानोंना 'सो' दिला. पंचम लागला, छान लागला. मग अल्टोंना 'मी', म्हणजे आपला गांधार, गायला सांगितलं आणि तो किंचित खाली बसला. माझ्या अल्टो नेहमी तिथेच बसायच्या आणि मी वर्गात नेहमी म्हणायचे, "वर चढा, वर चढा." बाई तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी अल्टोंना तोंडातला 'आ' थोडा उभा करायला लावला, आवाज निम्मा करायला लावला, आणि सांगितलं, "खालच्या मुलांचा स्वर आधी ऐका. तुमचा स्वर त्यांच्या पोटातच आहे, तो शोधा." तिसऱ्या खेपेला तो लागला. सभागृहातली सगळी हवा एकदम स्थिर झाल्यासारखी वाटली, आणि मला अंगावर काटा आला, कारण तो आवाज मी ओळखत होते. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडता जो गांधार ऐकू येतो ना, आपण ज्याला स्वयंभू गांधार म्हणतो, तो होता तो.

त्यानंतर आठवडाभर मी त्यामागचं गणित वाचलं. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर पियानोवरचा गांधार खर्जातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा जवळजवळ चौदा भाग चढा असतो. मी अल्टोंना पियानोच्या गांधाराकडे ढकलत होते. त्या ताणायच्या, दमायच्या आणि घसरायच्या. सोमवारी वर्गात मी पियानोऐवजी फोनवरचा तानपुरा लावला. एका मुलीने विचारलं, "मिस, हा कशाचा आवाज?" मी सांगितलं, आणि पाच मिनिटं सगळ्यांना नुसतं ऐकायला लावलं. आता आमची प्रत्येक तालीम तानपुऱ्याने सुरू होते. मुलांना मराठी येत नाही, पण 'खर्ज' हा शब्द त्यांना पक्का माहीत आहे.

यूआयएलच्या दिवशी रंगमंचापेक्षा साइट-रीडिंगची खोली अधिक घाबरवते. तिथे प्रेक्षक जवळपास नसतात. परीक्षक, एक पियानो आणि बंद फोल्डर. फोल्डर उघडल्यावर मोजकी मिनिटं मिळतात. तुम्ही समजावून सांगू शकता, खुणा करू शकता, पण स्वतः गाऊन किंवा गुणगुणून दाखवायचं नाही. आपल्या गुरुमुखातून शिकलेल्या पिंडाला हे सगळ्यात कठीण. ओठांपर्यंत स्वर येतो आणि गिळावा लागतो. यासाठी सप्टेंबरपासून रोज आठ ओळी वाचायला घ्या, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण तास स्वतः न गाता शिकवा. वेळेचे आणि पद्धतीचे नियम अधूनमधून बदलतात. त्या वर्षीचं नियमपुस्तक स्वतः वाचा, सहकाऱ्याच्या आठवणीवर जाऊ नका.

निकाल असा लागला: रंगमंचावर दोन, दोन आणि तीन, म्हणजे दोन. साइट-रीडिंगला एक. बसमध्ये मुलं थोडी हिरमुसली. दुसऱ्या दिवशी मी तिन्ही कागद पडद्यावर लावले, श्रेणीचा भाग झाकून. मुलांना विचारलं, "यातला कोणता शेरा दोघा परीक्षकांनी लिहिलाय?" ती गटागटाने शोधायला लागली. दोघांनी लिहिलं होतं की शब्दांच्या शेवटची व्यंजनं एकत्र पडत नाहीत. एकाने लिहिलं होतं की खालचा आवाज विरळ आहे, पण सुरात आहे. ते वाचून पाचही मुलं खुर्चीत ताठ बसली. श्रेणी मी सगळ्यात शेवटी उघडली. तोवर कुणाला तिची घाई राहिली नव्हती.

परीक्षक चुकतात का? चुकतात. तीन शेऱ्यांत दोन एकमेकांच्या उलट असू शकतात. एकाला लय घाईची वाटते, दुसऱ्याला रेंगाळलेली. अशा वेळी रेकॉर्डिंग स्वतः ऐकायचं, वही घेऊन. पण निकालानंतर दालनात परीक्षकाला गाठून वाद घालू नका. संचालकांचं वर्तुळ लहान आहे, आणि आज तुमच्यापुढे बसलेली व्यक्ती उद्या तुमच्या नोकरीच्या मुलाखतीत बसलेली असू शकते. त्याहून महत्त्वाचं, ती एक दिवस तुमच्या मुलांना शिकवायला यावी असं तुम्हाला वाटेल. आमच्या त्या बाईंना मी पत्र लिहिलं, तानपुऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांचं उत्तर आलं, दोन ओळींचं, आणि खाली प्रश्न होता की तो तानपुरा कुठे मिळेल.

पहिली नोकरी लागण्याआधी एक काम मात्र जरूर करा. जवळच्या महोत्सवाच्या यजमान शाळेला लिहून स्वयंसेवक म्हणून जा. वेळ बघणं, प्रती परीक्षकांच्या टेबलावर पोचवणं, पुढच्या शाळेला सराव-खोलीतून आणणं, असलं कुठलंही काम घ्या. परीक्षकांच्या मागच्या रांगेत दिवसभर बसून पंधरा कॉयर ऐकले की कान जितका तयार होतो तितका पुस्तकातून होत नाही. माझ्या लक्षात राहिलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट तिथलीच: दारातून आत येताना ज्या मुलांनी श्वास सैल सोडलेला असायचा, त्यांचा पहिला स्वर बहुतेक वेळा लागलेला असायचा.

आम्हाला मिळालेले सगळे कागद मी एका हिरव्या फाईलमध्ये ठेवलेत. ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ती काढते आणि पहिल्या पानापासून वाचते. पहिल्या पानावर त्या बाईंच्या गोल अक्षरात लिहिलंय: "अल्टो, खालच्या मुलांकडे ऐका." शेजारी मी पेन्सिलने बारचा क्रमांक घातला आहे.